आधी कोणाला तपासायचे?

नाशिक, प्रतिनिधी

रुग्णालयाच्या अपघात विभागात रांग नसते. जो आधी आला त्याला आधी, हा रेशन दुकानातील न्याय तेथे चालत नाही. पायाचे हाड मोडलेला तरुण विव्हळत असतो आणि डॉक्टर मात्र कोपऱ्यात घामाघूम होऊन गप्प बसलेल्या गृहस्थांचा ईसीजी काढत असतात. नातेवाइकांचा पारा चढतो तो नेमका येथे.

या निवडीला ‘ट्रायाज’ म्हणतात. हुद्दा न पाहता जखमेची गंभीरता पाहण्याचा प्रघात नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक डॉमिनिक लॅरे यांनी पाडला. मोठ्या दुर्घटनेत तातडीच्या रुग्णाला लाल, थोडे थांबू शकणाऱ्याला पिवळी, चालत्याफिरत्याला हिरवी खूण केली जाते. काळी खूण मृतांसाठी आणि वाचण्याची आशाच उरलेली नाही अशांसाठी. डॉक्टरचा हात जड होतो तो ही खूण करताना.

नाशिकमध्ये ८ ऑक्टोबर २०२२ रोजी पहाटे मिरची हॉटेलजवळच्या चौकात यवतमाळहून मुंबईकडे निघालेल्या खासगी बसची ट्रकशी धडक झाली. बसने पेट घेतला आणि १२ प्रवाशांचा मृत्यू झाला. अशा वेळी रात्रपाळी संपत आलेल्या डॉक्टरसमोर जळिताचे अनेक रुग्ण एकदमच येतात. त्यांत मोठ्याने ओरडणाऱ्याची श्वासनलिका निदान त्या क्षणी तरी मोकळी असते. खरी धास्ती असते ती आवाज घोगरा झालेल्याची, नाकातील केस करपलेल्याची. धुराने व उष्णतेने घसा आतून सुजत जातो. सूज वाढण्यापूर्वीच नळी घालावी लागते. नंतर तिला वाट मिळत नाही.

पुढचा हिशेब सलाइनचा. प्रचलित सूत्रानुसार ६० किलो वजनाच्या, ३० टक्के भाजलेल्या माणसाला पहिल्या २४ तासांत सुमारे ७.२ लिटर द्रव लागतो. त्यातला निम्मा पहिल्या आठ तासांत जायला हवा, आणि हे तास रुग्णालयात पोहोचल्यापासून नव्हे, भाजल्यापासून मोजतात. म्हणून रुग्णाला आणणाऱ्याने सर्वप्रथम सांगावी ती भाजल्याची वेळ.

सिंहस्थाच्या या शहराला असा प्रसंग नवा नाही. २७ ऑगस्ट २००३ च्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक दगावले. छाती दबून गुदमरलेल्याला वाचवण्यासाठी काही मिनिटेच हाती असतात. तेथे निवड रुग्णालयाच्या दारात नव्हे, घाटावरच करावी लागते.