दिवाळे : निघालेले आणि काढलेले

दिवाळे निघालेला व्यापारी पूर्वी भरदिवसा पेढीवर दिवा लावून बसे, असे सांगतात. सर्वस्व गेल्याची ती जाहीर कबुली होती. आधुनिक कायद्याने या कबुलीला आश्रयाची जोड दिली. अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज दाखल होताच ऋणकोवरील दावे जागच्या जागी थांबतात आणि उरलेली मालमत्ता घेणेकऱ्यांत नियमाने वाटली जाते. आधी धावला त्याने सारे न्यावे आणि मागून आलेल्याने रित्या हाती परतावे, असे होऊ नये, हा त्यामागील हेतू.

परंतु दुबळ्यांसाठी बांधलेल्या धर्मशाळेत धडधाकटही उतरू लागतात. १९८२ साली जॉन्स-मॅनव्हिल या ॲस्बेस्टॉसच्या सधन कंपनीने असा अर्ज केला. ॲस्बेस्टॉसच्या तंतूंनी फुप्फुसे निकामी झालेल्यांचे सुमारे सोळा हजार दावे तिच्यावर होते. हा रोग कित्येक वर्षांनी प्रकट होत असल्यामुळे आणखी पुष्कळ दावे यावयाचे होते. रुग्णांसाठी निधी स्थापन झाला तो १९८८ साली. थोड्याच काळात तोही अपुरा पडला.

पुढे याहून सूक्ष्म युक्ती निघाली. टाल्कम पावडरीने कर्करोग झाल्याचे हजारो दावे जॉन्सन अँड जॉन्सनवर होते. आरोप कंपनीस अमान्य होता. २०२१ साली तिने ही सारी जबाबदारी एका नव्या कंपनीच्या माथी ठेवली, आणि दोनच दिवसांत त्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. मूळ कंपनी होती तशीच संपन्न राहिली.

ज्यूरीपुढे एकास कोट्यवधी मिळतात, दुसऱ्यास काहीच नाही; त्यापेक्षा सर्वांना वाटणी बरी, असा कंपनीचा युक्तिवाद होता. तो अगदीच पोकळ नव्हे. पण वाटणीचा नियम लागतो तो धन अपुरे असताना. २०२३ च्या जानेवारीत अपील न्यायालयाने नेमके हेच पाहिले: जिच्या पाठीशी सुमारे ६१ अब्ज डॉलरांची हमी आहे, ती कंपनी आर्थिक संकटात कशी? तो अर्ज फेटाळला गेला. त्याच वर्षी दुसरा आणि २०२५ मध्ये तिसरा प्रयत्नही विफल झाला.

तरीही मधली वर्षे गेली ती गेलीच. कंपनीला आयुर्मर्यादा नसते. कर्करोगाच्या रुग्णाला असते. म्हणून मराठीतील एक भेद न्यायासनानेही जपावा असा आहे: दिवाळे निघणे वेगळे आणि दिवाळे काढणे वेगळे. कायद्याचा आश्रय पहिल्यासाठी आहे.