माल्टच्या पाकाचा डबा

ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या देशांत घरच्या घरी बिअर करण्यासाठी जो पत्र्याचा डबा विकत मिळतो, त्यात बिअर नसते. त्यात दीड ते पावणेदोन किलो दाट, चिकट, तपकिरी पाक असतो आणि झाकणाखाली वाळवलेल्या यीस्टची एक लहानशी पुडी असते. बिअर करण्याच्या कामाचे दोन भाग पडतात, धान्यातून साखर काढणे आणि त्या साखरेचा मद्यार्क करणे. यांपैकी पहिला, मोठी भांडी आणि तापमानावर काटेकोर नजर मागणारा भाग कारखान्याने उरकून डब्यात भरलेला असतो. दुसरा, ज्यात माणसाला स्वच्छता राखून वाट पाहण्यापलीकडे फारसे काही करायचे नसते, तो घरासाठी शिल्लक ठेवलेला असतो. बिअरचे जाणकार या डब्याला नाक मुरडतात. त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे, परंतु दोष बहुतेक वेळा डब्याचा नसून त्यासोबत छापलेल्या कृतीचा असतो.

पाकाचे मूळ जवात, म्हणजे सातूत आहे. जव भिजवून त्याला मोड आणले की दाण्यात अमायलेज वर्गातील विकरे, म्हणजे रासायनिक क्रियांना वेग देणारी प्रथिने, तयार होतात, आणि मोड फार वाढण्याआधीच दाणे गरम हवेत वाळवले की ती टिकून राहतात; अशा धान्याला माल्ट म्हणतात. मराठी घरांत नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून बाळासाठी सत्त्व करतात, त्यामागचे तत्त्व हेच आहे. भरडलेले माल्ट सुमारे ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले असता विकरे पुन्हा कामाला लागतात आणि दाण्यातील पिष्टाचे मुख्यतः माल्टोज नावाच्या साखरेत रूपांतर करतात. गाळून मिळणाऱ्या या गोड द्रवाला वर्ट म्हणतात. कारखान्यात त्याला हॉप्सचा, म्हणजे एका वेलीच्या शंकूसारख्या मादी फुलांचा, कडवटपणा दिला जातो आणि मग हवेचा दाब कमी केलेल्या भांड्यात, म्हणजेच कमी तापमानाला, त्यातील पाणी इतके उडवले जाते की पाकात जेमतेम वीस टक्के पाणी उरते. इतक्या दाट साखरेत जंतूंची वाढ होत नसल्याने बंद डबा फ्रीजबाहेरही टिकतो.

ब्रिटिश घरांना हा पाक आधी ठाऊक होता तो मुलांचे टॉनिक म्हणून, कॉड माशाच्या यकृताचे तेल मिसळलेला. त्याला बिअरकडे वळवले ते चवीपेक्षा कायद्याने. अमेरिकेत १९२० मध्ये देशभर दारूबंदी लागू झाल्यावर बिअर गाळणाऱ्या काही मोठ्या कंपन्यांनी माल्टचा पाक विकायला घेतला, कारण कायद्याच्या दृष्टीने तो निव्वळ खाद्यपदार्थ होता. तो पाव आणि बिस्किटांसाठी म्हणून विकला जाई. हॉप्स घातलेला पाकही तितकाच उघडपणे मिळे, आणि कडू पाव कोण खातो हा प्रश्न मोठ्याने विचारण्याची गरज कोणालाच वाटत नसे. १९३३ मध्ये दारूबंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला मोकळीक मिळाली, बिअर मात्र वगळली गेली. ती उणीव भरून काढणाऱ्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी सही केली आणि दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५० लिटर, बिअर करमुक्त करता येऊ लागली. तरीही राज्यांचे कायदे वेगळे असल्याने मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांत त्यासाठी २०१३ साल उजाडावे लागले.

ब्रिटनमध्ये १८८० मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी माल्टवरील कर काढून तो बिअरवर बसवला आणि त्या व्यवस्थेत घरी बिअर करणाऱ्यांनाही परवाना घेणे भाग पडले. ही अट १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी काढून टाकली. विक्री करायची नाही, एवढेच बंधन राहिले. त्यानंतर डबे औषधांच्या दुकानांतूनही मिळू लागले. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडच्या कूपर्स या १८६२ पासूनच्या मद्यनिर्मितीगृहाने १९७० च्या दशकात या धंद्यात पाऊल टाकले आणि त्याचा १.७ किलोचा डबा पुढे जगभर पोहोचला. या कंपनीची स्वतःची एल प्रकारची बिअर बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते व तळाशी गाळ धरते, त्यामुळे घरच्या बाटलीतला गाळ पाहून तिच्या गिऱ्हाइकांना दचकण्याचे कारण नव्हते.

प्रत्यक्ष कृती अर्ध्या तासाची आहे. डबा गरम पाण्यात ठेवून पाक पातळ करायचा, निर्जंतुक केलेल्या प्लास्टिकच्या पिंपात ओतायचा, गरम पाण्यात ढवळून विरघळवायचा आणि गार पाणी घालून एकूण २३ लिटर भरायचे. मग द्रव वीस अंशांच्या आसपास आला आहे याची खात्री करून वर यीस्ट भुरभुरायचे आणि झाकणात एअरलॉक, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी पण बाहेरची हवा आत न घेणारी पाण्याची नळी, बसवायची. या साध्या दिसणाऱ्या पुडीमागेही इतिहास आहे, कारण एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवण्याची पद्धत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १८८३ मध्ये सिद्ध केली नसती, तर पुडीत काय आहे याची हमी कोणी देऊ शकले नसते. दिवसभरात पृष्ठभागावर करड्या फेसाचा थर चढतो, त्यावर हॉप्सचे तपकिरी डाग दिसतात, एअरलॉकमधून बुडबुडे येऊ लागतात आणि आठवड्याभरात सारे शांत होते.

डब्याची बदनामी झाली ती मात्र वरच्या कृतीत मुद्दाम न सांगितलेल्या एका पायरीने. बहुतेक डब्यांवर एक किलो साखर घालण्याचा सल्ला छापलेला असतो. साखर संपूर्ण आंबते, माल्टच्या पाकाचा सुमारे पाव भाग मात्र आंबत नाही आणि तोच बिअरला अंग देतो. त्यामुळे हा सल्ला पाळला की तयार बिअरमधील जवळपास निम्मा मद्यार्क साखरेतून येतो आणि पेय पातळ, कोरडे लागते. साखरेऐवजी हॉप्स नसलेली माल्टची पावडर घातली तर खर्च वाढतो आणि बिअर सुधारते. दुसरे कारण उष्णतेचे. पंचवीस अंशांच्या पुढे यीस्ट घाईने काम करते आणि पिकलेल्या फळासारखा वास व घशाला झोंबणारे उच्च मद्यार्क मागे ठेवते.

खरा धोका बाटली भरताना असतो. हायड्रोमीटर हे तरंगते काचेचे उपकरण द्रवाची घनता पाण्याच्या तुलनेत दाखवते, सुरुवातीला १.०४० असलेला आकडा साखर संपत जाईल तसा १.०१० च्या आसपास उतरतो, आणि या दोहोंतील फरकाला १३१ ने गुणले की मद्यार्काचे प्रमाण, येथे सुमारे ३.९ टक्के, मिळते. बाटलीत फेस यावा म्हणून लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम साखर पुन्हा घालतात. आकडा १.०१४ वर असतानाच घाईने बुचे लावली तर न आंबलेली साखर या मापाइतकीच भर घालते, दाब दुपटीच्या घरात जातो आणि काचेची बाटली फुटू शकते. म्हणून आकडा दोन-तीन दिवस स्थिर राहिल्याशिवाय बाटल्या भरू नयेत.

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा असल्याने मेलबर्नच्या मराठी घरात चालणारा हा छंद पुण्यात चालत नाही. जिथे तो चालतो, तिथे डबा घेताना प्रकाराच्या नावापेक्षा तळावरची तारीख आधी पाहिलेली बरी. पाक जंतूंपासून सुरक्षित असला तरी साठवणीत तो काळवंडत जातो, यीस्टच्या पेशी मरत जातात, आणि अशा डब्यातून फिकट रंगाची बिअर कोणत्याही कौशल्याने निघत नाही.