गिअरबॉक्सलाही ताप येतो!

सभासद बंधूंनो, गेल्या हंगामात राजूरजवळ आमच्या ट्रकचा गिअरबॉक्स जाम झाला. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळपाला जावा. आमचा दोन दिवस रस्त्यावर वाळला, वजन घटले. अहो, इंजिनाचा काटा तर जागेवरच होता! पण गिअरबॉक्सचे तेल तापलेले त्यात दिसत नाही, हे तेव्हा ध्यानात आलं.

यंदा आम्ही वेगळा काटा बसवला. काटा व सेन्सर एकाच जोडीचे घ्यावेत. तेल सोडायच्या बोल्टाच्या जागी सेन्सर बसतो. वायर सायलेन्सरपासून लांब ठेवावी, अर्थिंग घट्ट करावे. काटा १२० अंशांकडे सरकला की गाडी बाजूला घ्यावी. गार झाल्यावर तेलाची पातळी बघावी. हंगामाआधी मिस्त्रीकडून एवढं कराच.