बर्फाचा जमाखर्च

भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकात बर्फ म्हटले की आठवतो फ्रिजमधला ट्रे, नाहीतर रसवंतीवाल्याने गोणपाटात गुंडाळलेली लादी. दुपारभरात ती किती झिजली, हे त्याला नजरेनेच कळते. पण हिमालयातील अफाट लादी झिजते की वाढते, हे कोणी आणि कसे सांगायचे?

डॉ. अनिल कुलकर्णी यांनी कारकीर्दीचा मोठा काळ या प्रश्नाला दिला. अहमदाबादच्या 'इस्रो'च्या अंतराळ उपयोग केंद्रात ते शास्त्रज्ञ होते. हिमनदीचा हिशेब आपल्या घरखर्चासारखाच. हिवाळ्यात जमा, उन्हाळ्यात खर्च. उन्हाळा सरताना तिच्यावर एक रेषा उरते. रेषेच्या वर हिवाळ्यातला हिम टिकलेला, खाली जुना बर्फ उघडा पडलेला. रेषा वर सरकली की यंदा खर्च जास्त झाला, असे समजावे. ही रेषा उपग्रहाच्या चित्रातही दिसते. तिच्या आधारे हिमनद्यांचा ताळेबंद मांडणारा त्यांचा निबंध १९९२ साली प्रसिद्ध झाला.

२००७ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी चिनाब, पार्वती आणि बास्पा खोऱ्यांतील ४६६ हिमनद्यांची मोजणी प्रसिद्ध केली. १९६२ चे नकाशे एका बाजूला, उपग्रहचित्रे दुसऱ्या बाजूला. क्षेत्रफळ २०७७ चौरस किलोमीटरवरून १६२८ वर आले होते. म्हणजे २१ टक्के घट. गंमत अशी, की हिमनद्यांची संख्या मात्र वाढली होती! मोठ्यांचे तुटून तुकडे झाले होते.

जुन्या नकाशांच्या अचूकतेवर पुढे काही अभ्यासकांनी शंका घेतल्या. ते योग्यच. त्याच २००७ साली आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता वर्तवली गेली. त्याला आधार नव्हता. २०१० मध्ये ते विधान मागे घ्यावे लागले. मोजलेला आकडा तपासता येतो, दुरुस्त करता येतो. ऐकीव आकडा फक्त घाबरवतो.

'इस्रो'नंतर कुलकर्णी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील दिवेचा हवामानबदल केंद्रात हेच काम करू लागले.

इंद्रलोकच्या नळाला हिमालयाचे पाणी येत नाही, हे खरे. आपली तहान भागते ती पावसाच्या पाण्यावर. पण जगभरातला जमिनीवरचा बर्फ वितळून अखेर समुद्रालाच मिळतो, आणि समुद्राची पातळी वाढते. वसईची खाडी आणि भाईंदरची मिठागरे आपल्यापासून काही फार दूर नाहीत. रसवंतीवाल्याची लादी संपली तर उद्या नवी येते. तिकडची तशी येत नाही.