विमान कंपनीचं क्रेडिट कार्ड घ्यावं का? आष्ट्यातल्या प्रवाशाचा हिशेब

सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातलं आष्टा हे ऊस पट्ट्यातलं गाव. इथल्या अनेक घरांतलं कुणी ना कुणी आता बेंगळुरू, हैदराबाद किंवा परदेशात नोकरीला असतं. दिवाळीत मुलाकडे जायचं, मुलीच्या बाळंतपणाला जायचं किंवा तिरुपतीला जायचं म्हटलं की विमानाच्या तिकिटाचा विषय निघतो. तेवढ्यात बँकेचा फोन येतो: 'आमचं विमान कंपनीचं क्रेडिट कार्ड घ्या, तिकीट जवळजवळ फुकट पडेल.'

हे तिकीट खरंच फुकट पडतं का? असं कार्ड कोणाला परवडतं आणि कोणाला महागात पडतं? निवडताना काय पाहायचं?

हे कार्ड म्हणजे नेमकं काय?

विमान कंपनी आणि बँक एकत्र येऊन काढतात त्याला को-ब्रँडेड कार्ड म्हणतात. कार्डानं खर्च केला की बँक ठरावीक पॉइंट किंवा माइल्स देते. ते विमान कंपनीच्या सदस्य खात्यात जमा होतात आणि पुढे तिकिटासाठी वापरता येतात. इंडिगोची अशी योजना 'ब्लूचिप' नावानं चालते, तर एअर इंडियाची 'महाराजा क्लब' नावानं.

दुसरा प्रकार बँकेच्या स्वतःच्या ट्रॅव्हल कार्डाचा. त्यात पॉइंट बँकेकडे जमतात आणि हवे तेव्हा वेगवेगळ्या विमान कंपन्यांच्या योजनांत पाठवता येतात. एकाच कंपनीशी बांधिलकी नको असेल तर हा प्रकार सोयीचा. मात्र एकदा पाठवलेले पॉइंट सहसा परत घेता येत नाहीत.

ही कल्पना अमेरिकेतली. अमेरिकन एअरलाइन्सनं १९८१ मध्ये नेहमीच्या प्रवाशांसाठी माइल्सची योजना सुरू केली आणि १९८७ मध्ये सिटी बँकेसोबत तिचं कार्ड आणलं. तेव्हापासून विमान कंपन्या बँकांना माइल्स विकतात आणि बँका ते ग्राहकांना वाटतात. हा धंदा किती मोठा झाला ते कोविडच्या काळात दिसलं. २०२० मध्ये युनायटेड एअरलाइन्सनं आपली माइल्सची योजनाच तारण ठेवून अब्जावधी डॉलरचं कर्ज उभं केलं.

म्हणजे पॉइंट ही भेट नाही. त्याचे पैसे दुकानदाराकडून घेतलेल्या शुल्कातून, कार्डाच्या वार्षिक फीमधून आणि बिल थकवणाऱ्यांच्या व्याजातून येतात. यातला तिसरा वाटा आपला नसावा, एवढं आधी ठरवायचं.

पहिला प्रश्न: विमान कुठून पकडणार?

कार्ड निवडण्याची सुरुवात बँकेपासून नाही, विमानतळापासून करावी. आष्ट्याला सर्वांत जवळचा विमानतळ कोल्हापूरचा, उजळाईवाडीला. मार्च २०२४ मध्ये तिथं नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. पण तिथून थेट जोडलेली शहरं मोजकी आहेत, कंपन्याही मोजक्या, आणि वेळापत्रक हंगामानुसार बदलतं. पेठ नाक्यावरून महामार्गानं सुमारे दोनशे किलोमीटरवर पुणे आहे. परदेशासाठी बहुतेक वेळा मुंबई गाठावी लागते. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे.

हे महत्त्वाचं अशासाठी की दोन कंपन्यांची भागीदारी नसेल तर एकीचे पॉइंट दुसरीच्या तिकिटाला चालत नाहीत. कोल्हापूरहून ज्या कंपनीचं विमान आपल्या शहराला जात नाही, तिचे पॉइंट साठवले तर ते वापरायला पुण्याला किंवा मुंबईला जावं लागेल. गाडीचं डिझेल, टोल आणि एखादा मुक्काम धरला तर 'फुकट' तिकिटाचे पैसे रस्त्यातच संपतात.

परदेशी जाणाऱ्यांसाठी हिशेब वेगळा. एअर इंडिया २०१४ पासून 'स्टार अलायन्स' या जागतिक गटात आहे. त्यामुळे तिचे पॉइंट लुफ्थान्सा, सिंगापूर एअरलाइन्स, युनायटेड अशा कंपन्यांच्या काही तिकिटांनाही वापरता येतात. मुलगा जर्मनीत किंवा अमेरिकेत असेल तर याचा उपयोग होऊ शकतो. वर्षातून एकदा हैदराबादला जाणाऱ्याला त्याचा काही फायदा नाही.

एका पॉइंटची किंमत कशी काढायची?

जाहिरातीत 'पाच हजार पॉइंट' लिहिलेलं असतं, रुपये लिहिलेले नसतात. ते आपणच काढायचे. ज्या तारखेला जायचं आहे त्या दिवसाचं तिकीट कंपनीच्या संकेतस्थळावर दोन्ही पद्धतींनी पाहावं.

समजा, पैशानं तिकीट ६,००० रुपयांना आहे. तेच तिकीट ९,००० पॉइंट आणि वर १,२०० रुपये कर-शुल्क भरून मिळतं. म्हणजे पॉइंटमुळे वाचले ४,८०० रुपये. याला ९,००० नं भागलं की एका पॉइंटची किंमत निघते साधारण ५३ पैसे. पॉइंटचं तिकीट घेतलं तरी कर आणि काही शुल्कं बहुतेक वेळा रोखच भरावी लागतात, हे इथं लक्षात येतं.

आता कार्डाचा हिशेब. सोयीसाठी एक पॉइंट ५० पैशांचा धरू. समजा कार्ड दर २०० रुपयांना ४ पॉइंट देतं, म्हणजे शंभराला एक रुपया. वार्षिक फी २,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण २,९५०. घरचा कार्डावरचा खर्च महिन्याला २०,००० असेल तर वर्षाचे २ लाख ४० हजार होतात. त्याचे पॉइंट ४,८००, म्हणजे २,४०० रुपये. फी भरली २,९५० आणि हाती आले २,४००.

या कार्डाची नुसती फी वसूल व्हायला वर्षाला २ लाख ९५ हजारांचा खर्च लागेल. उलट, फी नसलेलं आणि एक टक्का रोख परत देणारं साधं कार्ड याच खर्चावर २,४०० रुपये देईल. त्या पैशांतून कुठल्याही कंपनीचं तिकीट काढता येईल, एसटीचंसुद्धा.

विमान कंपनीचं कार्ड फायद्याचं ठरतं ते तीन गोष्टी जुळल्या तर: त्याच कंपनीचा प्रवास वर्षातून अनेकदा होतो, तिच्या तिकिटांवर कार्ड जास्त पॉइंट देतं, आणि फीच्या बदल्यात मिळणारं व्हाउचर खरोखर वापरलं जातं.

कोणत्या खर्चावर पॉइंट मिळत नाहीत?

अनेक कार्डांवर इंधन, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, सरकारी भरणा यांना पॉइंट नसतात. विमा आणि वीजबिलावर कमी असतात किंवा त्यांना मर्यादा असते. ट्रॅक्टरचं डिझेल हाच घरचा मोठा खर्च असेल तर वरचा हिशेब आणखी खाली येतो. खताच्या किंवा बियाण्याच्या दुकानात कार्डासाठी दोन टक्के जादा मागितले, तर एक टक्का पॉइंटसाठी ते देण्यात अर्थ नाही.

रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून किराणा दुकानातल्या क्यूआर कोडवर वापरता येतं. गावात कार्डाचं मशीन कमी, क्यूआर जास्त, त्यामुळे ही सोय चांगली आहे. फक्त यूपीआयच्या खर्चावर त्या कार्डाचे पॉइंट पूर्ण मिळतात की कमी, ते आधी पाहावं.

तिकीट एजंटाकडून काढलं तर तो खर्च 'विमान कंपनीकडे केलेला' धरला जाईलच असं नाही. जास्तीचे पॉइंट बहुधा कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर काढलेल्या तिकिटालाच असतात.

उसाचं बिल आणि कार्डाचं बिल

आष्ट्यासारख्या गावात खरी मेख इथं आहे. क्रेडिट कार्ड हे महिन्याच्या पगारावर बेतलेलं साधन आहे. त्याचं बिल दर महिन्याला येतं आणि ठरलेल्या तारखेला पूर्ण भरावं लागतं. उसाचा पैसा तसा येत नाही. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे देणं कारखान्यावर बंधनकारक आहे, पण तो पैसा गाळप हंगामापुरताच. जूनमध्ये कार्डावर तिकिटं काढली आणि भरणा हंगामातल्या बिलावर सोडला, तर मधल्या महिन्यांचं व्याज चालू होतं.

हे व्याज अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४२ टक्के असतं. बँका दरवर्षी ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेऊ शकत नाहीत, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय होता. सर्वोच्च न्यायालयानं तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. त्यामुळे आता अशी ठरावीक मर्यादा नाही.

समजा, चौघांच्या तिकिटांचं ६०,००० रुपयांचं बिल आलं आणि 'किमान रक्कम' म्हणून ३,००० भरले. राहिले ५७,०००. त्याचं एका महिन्याचं साडेतीन टक्के व्याज १,९९५ रुपये, त्यावर जीएसटी ३५९. म्हणजे सुमारे २,३५० रुपये. वरच्या उदाहरणात वर्षभर खर्च करून २,४०० रुपयांचे पॉइंट मिळाले होते. ते सगळे एका महिन्यात गेले. शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही मिळत नाही.

तुलनेसाठी, किसान क्रेडिट कार्डावरचं पीककर्ज वेळेत फेडलं तर ३ लाखांपर्यंत केंद्राच्या सवलतीनं ४ टक्क्यांवर येतं आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेत शून्य टक्क्यावर. नावात 'क्रेडिट कार्ड' असलं तरी ती दोन वेगळी जनावरं आहेत.

म्हणून साधा नियम असा: तिकिटाचे पैसे बचत खात्यात आधीच असतील तरच ते कार्डावर काढावं, आणि पूर्ण बिल आपोआप भरलं जाईल अशी सूचना बँकेला द्यावी.

प्रवास दोन महिन्यांवर असेल तर?

तेव्हा नव्या कार्डावर भिस्त ठेवू नये. अर्ज मंजूर होऊन कार्ड घरी यायला वेळ जातो. पॉइंट बहुतेक वेळा बिल निघाल्यावर जमा होतात. स्वागताचे पॉइंट फी भरल्यावर, आणि पुष्कळदा ठरावीक खर्च पूर्ण झाल्यावर मिळतात. तोवर दिवाळीच्या आठवड्यातली पॉइंटवरची तिकिटं संपलेली किंवा महागलेली असतात. या प्रवासाला तिकीट लवकर काढणं हीच मोठी बचत. कार्डाचा विचार पुढच्या प्रवासासाठी करावा.

पॉइंट साठवून ठेवावेत का?

शक्यतो नाही. पॉइंटवर व्याज मिळत नाही, मुदत संपते, आणि किती पॉइंटला तिकीट द्यायचं हे कंपनी बदलू शकते. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट एअरवेजचं विमान एप्रिल २०१९ मध्ये जमिनीवर आलं, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा सदस्यांचे पॉइंट महाराजा क्लबमध्ये गेले, पण विस्ताराच्या नावाच्या कार्डांचे दिवस संपले. एका तिकिटापुरते पॉइंट झाले की वापरून टाकावेत.

परदेशात हेच कार्ड चालवावं का?

चालतं, पण परकीय चलनातल्या खर्चावर अनेक कार्डं साडेतीन टक्क्यांपर्यंत शुल्क आणि त्यावर जीएसटी घेतात. एक लाखाच्या खर्चावर ते ४,१३० रुपये होतं, तर एक टक्क्यानं पॉइंट मिळतात १,००० रुपयांचे. हे शुल्क नसलेलं किंवा कमी असलेलं कार्ड तिथं जास्त कामाचं. परदेशातल्या दुकानात 'रुपयांत की इथल्या चलनात?' असं मशीननं विचारलं, तर तिथलं चलन निवडावं. रुपयांत घेतल्यास दर सहसा महाग पडतो.

पगाराची स्लिप नसेल तर?

शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यानं अनेक शेतकरी आयकर विवरणपत्र भरत नाहीत, आणि तेवढ्यावरून अर्ज नाकारला जाऊ शकतो. अशा वेळी बऱ्याच बँका मुदत ठेवीवर कार्ड देतात. वेळेत बिलं भरली की सिबिल स्कोअर तयार होतो. आपला संपूर्ण क्रेडिट अहवाल प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा मोफत मिळतो. अर्जाआधी तो पाहावा आणि एकाच वेळी चार बँकांकडे अर्ज करू नये.

कार्ड नको झालं तर?

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, थकबाकी नसेल तर कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करावी लागते. उशीर झाल्यास बँकेनं ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात. न मागता कार्ड पाठवायला मनाई आहे. बंद करण्यापूर्वी पॉइंट तेवढे वापरून घ्यावेत.

'तुमचे पॉइंट आज संपतायत, ओटीपी सांगा' असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. पॉइंट वापरायला बँकेच्या माणसाला ओटीपी लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावं.

थोडक्यात

वर्षाला एक-दोनदाच विमानानं जाणाऱ्या घराला फी नसलेलं, रोख परत देणारं कार्ड बहुतेक वेळा पुरतं. वर्षातून पाच-सहा वेळा एकाच कंपनीनं जाणाऱ्यानं त्या कंपनीचं कार्ड पाहावं. ज्याची मुलं परदेशात आहेत त्यानं पॉइंट अनेक कंपन्यांत पाठवता येणारं आणि परकीय चलनाचं शुल्क कमी असलेलं कार्ड पाहावं. आणि ज्या घराचा पैसा वर्षातून हंगामातच येतो, त्यानं बँकेच्या माणसाला पॉइंट किती हे विचारण्याआधी स्वतःला विचारावं: पुढच्या महिन्याचं बिल कोणत्या पैशातून भरणार?