फोनच्या गरमीवर फोन चार्ज का होत नाही?

गेम खेळताना फोन तापला की मला वाटतं, ही गरमी वाया का घालवायची? तिचीच वीज केली तर? तसं करणारे पदार्थ खरंच आहेत: थर्मोइलेक्ट्रिक. एक बाजू गरम आणि दुसरी थंड ठेवली की आतले इलेक्ट्रॉन थंड बाजूकडे सरकतात आणि व्होल्टेज तयार होतं. १९७७ साली निघालेली व्हॉयेजर यानं आजही याच तत्त्वावर चालतात.

मग अडतं कुठे? आपल्याला तीन गोष्टी हव्यात: व्होल्टेज जास्त, वीज सहज वाहणारी आणि उष्णता अडणारी. यातल्या पहिल्या दोघींचं एकमेकींशी पटत नाही. कारण दडलंय पदार्थाच्या बँड स्ट्रक्चरमध्ये.

पदार्थातल्या इलेक्ट्रॉनला हवी ती ऊर्जा घेता येत नाही. ठरावीक पट्ट्यांतच, म्हणजे बँडमध्येच राहावं लागतं. तांब्यात बँड अर्धवट भरलेला असतो. त्यामुळे वीज धो धो वाहते, पण एका अंशाच्या फरकाला जेमतेम २ मायक्रोव्होल्ट मिळतात. बिस्मथ टेल्युराइड हा सेमीकंडक्टर. त्यात बँडच्या मध्ये छोटी रिकामी जागा असते, इलेक्ट्रॉन कमी असतात आणि व्होल्टेज २०० मायक्रोव्होल्टच्या आसपास जातं. इलेक्ट्रॉन वाढवले की वीज वाढते, व्होल्टेज पडतं.

यावर तोडगा टोलनाक्यासारखा आहे. एकाच लेनमध्ये गर्दी करण्यापेक्षा लेन वाढवा! बँडमध्ये सारख्या ऊर्जेच्या ‘दऱ्या’ जितक्या जास्त, तितकी वीज वाढते आणि व्होल्टेजही टिकतं. २०११ मध्ये संशोधकांनी लेड टेल्युराइडमध्ये सेलेनियम मिसळून वेगवेगळे बँड एका पातळीवर आणले. पदार्थाचा दर्जा मोजणारा झेडटी हा आकडा १.८ पर्यंत गेला. बिस्मथ टेल्युराइडचा तो साधारण १ असतो. पण हे घडलं सुमारे ५७५ अंश सेल्सिअसला!

आता फोनचा हिशोब करू. फोन ४० अंश, खोली ३० अंश. एवढ्या फरकात कुठलंही यंत्र ३ टक्क्यांच्या फार पुढे जाऊच शकत नाही. झेडटी १ असेल तर हाती येतो जेमतेम अर्धा टक्का. म्हणजे ४ वॉट उष्णतेतून सुमारे २० मिलिवॉट. त्यात चार्जिंग होत नाही. उलट हा थर उष्णता अडवून फोन आणखी तापवेल.

तेव्हा ‘हाताच्या उबेवर फोन फुल चार्ज’ असा व्हिडिओ दिसला, तर पैसे देण्याआधी दोनच गोष्टी विचारा: तापमानात फरक किती आणि झेडटी किती?