तीन गुंजांचे गणित

रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका अजून आहेत. निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात आणि तेवढे दिवस वानरांचे फावते. माझ्या आजोळी अशी एक बंदूक खुंटीला असे. मामा पितळी मापाने नळीत दारू ओतायचे, वर काथ्या, मग छर्रे, पुन्हा काथ्या, आणि गजाने ठासणी. माप थोडे कमीजास्त झाले तरी काही बिघडल्याचे आठवत नाही. ही ढिलाई पिस्तुलाच्या काडतुसाला का चालत नाही, हा माझा प्रश्न तिथला.

उत्तर दारूच्या जातीत आहे. शोरा, गंधक आणि कोळशाची काळी दारू कोंडलेल्या जागीही साधारण एका चालीने जळते. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू तयार केली, तिचा स्वभाव वेगळा. दाब वाढला की तिचे ज्वलन वाढते, आणि ज्वलन वाढले की दाब आणखी वाढतो. म्हणून दारू दहा टक्के वाढवली तर दाब दहाच टक्के वाढेल हा त्रैराशिकाचा हिशेब इथे फसतो.

अमेरिकेत हौशी नेमबाज काडतुसे घरी भरतात. तिथे वजन ग्रेनमध्ये मोजतात. आपला तोळा १८० ग्रेनचा, तोळ्याच्या ९६ गुंजा. म्हणजे एक गुंज पावणेदोन ग्रेनहून किंचित जास्त. नऊ मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसात बहुधा तीनेक गुंजा दारू मावते. सोनाराच्या तराजूचे काम! आणि त्या काडतुसाची तिथली मान्य दाबमर्यादा चौरस इंचाला ३५,००० पौंड, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या हजारपटीच्या आसपास.

सुरुवातीचे वजन कोणी अंदाजाने ठरवत नाही. दारूचे आणि गोळीचे कारखानदार दाब मोजून कोष्टके छापतात. त्यांत ठरावीक दारू, ठरावीक गोळी आणि काडतुसाची ठरावीक एकूण लांबी यांपुढे किमान आणि कमाल वजन असते. भरणारा किमानापासून निघतो आणि अगदी लहान टप्प्यांनी वर जातो. नुसते कमाल दिलेले असेल तर त्याहून दहा टक्के खाली सुरुवात करण्याचा रिवाज आहे. किमानाच्याही खाली जाणे शहाणपणाचे नाही, कारण अशक्त बारात गोळी नळीतच अडकू शकते आणि पुढचा बार तिच्यावर आदळतो. गोळी, टोपी, पितळी कवच यांतले काहीही बदलले की पुन्हा पहिल्या पायरीवर.

लांबीचे कलम मला सर्वांत बोलके वाटते. गोळी जरा खोल बसली तर आतली जागा आक्रसते. दारू तेवढीच, पण दाब झपाट्याने चढतो. शिवाय जलद जळणारी दारू कवचाचा अर्धा भागही व्यापत नाही, त्यामुळे चुकून दुसऱ्यांदा ओतलेली दारू सहज नजरेतून सुटते. म्हणून जाणकार गोळी बसवण्याआधी प्रत्येक कवचात उजेड पाडून डोकावतात.

ठासणीत नेमके उलटे : तिथे दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुगते, फुटतेही. मामा गजावर खूण करून ठेवत, ती याचसाठी.

आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसे बनवणे १९५९च्या शस्त्र अधिनियमाने मना आहे, तेव्हा हा हिशेब इथे कोणाच्या पडवीत होणार नाही. पण काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीत घालण्याची कल्पना मी गावात ऐकली आहे. मामांच्या त्या पितळी मापाने बिनधुराची दारू भरली, तर नळी धरणाऱ्याच्या हातात फुटेल.